बारा वेढे

हात वर कर, सांद्री. श्वास सोड.
सगळा नको, अर्धा ठेव आत,
नाचताना लागेल.

ही पट्टी वीतभर रुंद, सोळा हात लांब.
वरचा सोन्याचा वर्ख माझ्या सासूच्या वेळचा,
घड्यांपाशी उडालेला.
काखेपासून कमरेपर्यंत मी ती आवळत नेते
आणि मनात मोजते.
तीन वर्षं बारा वेढे बसतायत,
टोक डाव्या बगलेखाली खोचलं
की लेगाँग तयार.

आज अकरावा संपला
आणि टोक माझ्या चिमटीत.

'काय झालं, मेन?'
काही नाही, सुरकुती राहिली.
सगळी सोडली. गुडघा तिच्या पाठीला लावून
खोगीर कसावं तशी पुन्हा कसली.
अकराच.

आईला अजून माहीत नाही.
गुरूंना नाही, जे मागे उभे राहून,
तिची मनगटं धरून
दोन वर्षं आपलं अंग तिच्या अंगात ओतत होते.
तिची मान कुठे मुरडणार हे
ज्याच्या ढोलाला आधी कळतं,
त्या म्हाताऱ्या जिवालाही नाही.
कापडाला कळलं. मग मला.

राजवाड्यात आता राजा राहत नाही.
थोरला देनपसारला हॉटेल चालवतो, धाकटा परदेशी.
पण देवळाची तिथी चुकत नाही,
आणि नवी लेगाँग
काही दोन महिन्यांत घडत नाही.

मी चोंडाँग होते. दासी.
सगळ्यांआधी एकटीनं शिरायचं,
थंड अंगण तापवायचं,
जमिनीवरचे दोन पंखे उचलून
त्या दोघींच्या हाती द्यायचे आणि निघायचं.
पंखे देऊन पंख घ्यायचे:
कातड्याचे, सोनेरी, दंडाला काचणारे,
आणि कावळा होऊन परत यायचं,
लढाईला निघालेल्या राजावर झडप घालायला.
अजून त्या पंखांचा वास येतो मला,
म्हशीचा, खोबरेल तेलाचा.

एका पहाटे चटईवर डाग दिसला.
दुपारी माझा मुकुट दुसरीच्या डोक्याला
बसतो का, ते बघत होते.
कुणी रागावलं नाही.
तेवढं एक लागलं.

हनुवटी खाली, सांद्री. मुकुट चढवते.
तारांवरची ही चाफ्याची फुलं
तुझा श्वाससुद्धा फोडतील लोकांपाशी,
जपून घे.

काशाच्या पट्ट्यांवर हातोड्या पडतात,
दुसरा हात लगेच नाद दाबून धरतो,
की पुढच्याला जागा व्हावी.
रेंतिग राजकन्या, जंगलात सापडलेली.
सांद्री राजा.
तिचे डोळे उजवीकडे, लख्ख, आणि परत,
पापणी नाही हलली.
आठ वर्षांचा कावळा तिच्यावर धावून येतो,
एक पंख उलटा बांधलाय त्याचा, माझीच चूक.
ती पंख्यानं त्याला मारते, वाकते,
फुलं थरथरतात,
आणि बगलेखालचं टोक
सुटत नाही.
मी दाराआड उभी,
माझाच श्वास अर्धा.

नंतर खोलीत कंदिलापाशी पट्टी उलगडताना
तिचे ओठ हलत होते.
नऊ. दहा.
अकराशी थांबले.
कातडीवर आडवे वळ, लाल,
खाली आलेल्या उंचवट्यावर जरा जास्त.

'पुढच्या तिथीला कुणाला बांधशील?'
आधी घाम पूस, मी म्हटलं.

मग तिनं न सांगता दुसरं टोक धरलं
आणि घडी करायला मागे मागे गेली,
उंबऱ्यापलीकडे, अंधारात,
फक्त पट्टी येत राहिली माझ्या हातात,
ताठ.

सैल सोडू नकोस, मी म्हटलं.
नाही सोडत, तिकडून आवाज आला.